सिस्टर आणि सप्तपर्णीच्या गाठी

केडगावातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक सप्तपर्णी आहे. मध्यंतरी तिच्या एका फांदीला बँडेज बांधलेलं होतं. बांधणाऱ्या मार्थाबाई, म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या सिस्टर. त्यांची सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी समोर येईल त्याला पेशंटच समजतात. मी एकदा जिन्यात शिंकलो, तर आठवडाभर येता-जाता "वाफ घेतली का?" ही चौकशी चुकली नाही.

त्या झाडाच्या पानांवर गाठी आल्या होत्या. गोल, टणक, चण्याएवढ्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. झाडांतलं मला बरंच कळतं. आमच्या घरातली तुळस दरवर्षी माझ्याच देखरेखीखाली वाळते. मी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "हा झाडाचा कॅन्सर आहे. औषध मारावं लागेल." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण चहा यायचा होता.

फवारणीवाला आला, तेव्हा सिस्टर झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या.

"पेशंटला हात लावायचा न्हाई, सर."

"अहो, रोग आहे तो."

"रोग न्हाई. मी एक गाठ ब्लेडनं उघडून बघितली. आत किड्याचं पिल्लू हुतं, जितं. उगाच उघडली, असं झालं मला. बाकीच्यांचे दिवस भरत आलेत."

"बाहेर काय येणार?"

"ते आल्यावर कळंल."

फवारणीवाला माझ्याकडे बघू लागला. मी घसा साफ केला आणि त्याला "पुढच्या आठवड्यात या," म्हणालो. सेक्रेटरी म्हणून मी घेतलेला हा सर्वांत ठाम निर्णय. पिल्लू न भेटताच उडून जाऊ नये, म्हणून सिस्टरांनी फांदीला गॉजची पिशवी बांधली. तेच ते बँडेज.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. एक गाठ तडकली होती आणि गॉजला आतून तिळाएवढा पंखवाला किडा चिकटला होता. मी चष्मा पुसून पुन्हा लावला, तरी तो तेवढाच दिसला. काही सुचेना म्हणून "अभिनंदन" म्हणालो. त्यांनी पिशवी सोडली. किडा त्यांच्या बोटावर क्षणभर टेकला आणि उडून गेला.

सिस्टर बोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातनं लई पोरं झाली, सर. पन नाव ठेवायच्या आधीच घरी जायची. बारशाला कुनी कधी बोलावलं न्हाई. कुनाचं काय नाव ठेवलं, मला ठाऊक न्हाई."

एरवी अशा वेळी मी भाषण करतो. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "रविवारी माझ्या नातीचं बारसं आहे, त्याला या." फवारणीवाल्याला मी पुन्हा फोन केला नाही.

त्या सगळ्यांच्या आधी आल्या, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. सवयीनं बाळाचे तळपाय चाचपून पाहिले. आत्यानं कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं: अन्वी. बायकांचा गलका झाला. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. सिस्टर ते नाव स्वतःशीच, हळूच, पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या.