बांधावरच्या साड्या

यंदा ब्राह्मणपुरीचे लोक थांबून बघतील ते आपल्याच कपाशीकडे, असं सुगंधाबाईंनी पेरणीच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. गेल्या वर्षी त्यांची निम्मी बोंडं अळीने पोखरली आणि बांधापलीकडे जेठाणीचं, म्हणजे थोरल्या जावेचं, फुलवंताबाईंचं वावर मात्र पांढरंशुभ्र फुटलं. येणारा-जाणारा मोटारसायकल थांबवून कौतुक करायचा. फुलवंताबाई त्याचा गाजावाजा करत नव्हत्या. सुगंधाबाईंना तेच जास्त झोंबायचं.

मग कृषी खात्याच्या सोनम मॅडमनी त्यांना ट्रायकोकार्ड दिली. जाड कागदाच्या पट्टीवर पतंगाची अंडी चिकटवलेली, आणि त्या अंड्यांत मोहरीहून बारीक गांधीलमाश्या वाढत असलेल्या. मॅडम म्हणाल्या, "यातली मादी बोंडअळीच्या अंड्याला भोक पाडून आत आपलं अंडं घालते. मग त्यातून अळी निघतच नाही, माशी निघते."

दुसऱ्याच्या घरात आपली पोरं वाढवणारी ही बाई सुगंधाबाईंना फार आवडली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उडते किती लांब?"

"अंडी सापडत राहिली तर पानापानावरून चालतच फिरते. नाही सापडली, तर पोटातली अंडी घेऊन वाऱ्यावर निघून जाते."

निघून जाते म्हणजे कुठे, हे सुगंधाबाईंना वेगळं सांगायला नको होतं. कार्ड आपण बांधायची आणि माश्या जेठाणीच्या कपाशीत बाळंत व्हायच्या! कपाशीच्या पानांना कार्ड टाचून होताच त्यांनी ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढल्या आणि बांधाच्या कडेने काठ्या रोवून ताणून बांधल्या.

"आते हाई काय नवं करी ऱ्हायनी?" नवऱ्याने, अमृतने विचारलं.

"मन्ह्या माश्या मन्हा वावरमाच ऱ्हावाले पाहिजेत."

"जी माशी डोयाले दिसत नही, तिले साडी कशी रोकी?"

सुगंधाबाईंनी त्याला काठीचं दुसरं टोक धरायला लावलं.

रानडुकरं शिरू नयेत म्हणून गावात सगळेच साड्या लावतात, पण चारी बाजूंनी. इथे साड्या एकाच बाजूला, तीही जेठाणीची. संध्याकाळपर्यंत पारावर ठरलं की दोघा भावांचं बिनसलं. दुसऱ्या दिवशी बोलणं कोर्टापर्यंत गेलं. सासरे धुडकूबाबा जेवायचे थांबले. तिसऱ्या दिवशी विसरवाडीहून नणंद सीमा बसने आली, ती पिशवी हातात तशीच घेऊन थेट बांधावर आणि रडतच.

"वहिनी, दोन्ही भाऊस्नं भांडन व्हयनं का?"

तोवर थोरले दीर भूपेंद्र आले, फुलवंताबाई आल्या, धुडकूबाबा काठी टेकत आले. सगळं घर साड्यांसमोर उभं राहिलं. सुगंधाबाईंना खरं कारण सांगावंच लागलं. माशीसाठी कोणी एवढं करतं यावर सीमाचाही विश्वास बसेना. इतक्यात पाहणीला आलेल्या सोनम मॅडमनी साड्या बघितल्या आणि गाडीवरूनच विचारलं, "हे कशाला?"

पुन्हा सगळं सांगून झालं. मॅडमनी वाऱ्याकडे तोंड केलं. वारा फुलवंताबाईंच्या वावरातून येत होता आणि साड्या सुगंधाबाईंच्या बाजूला फुगल्या होत्या.

"अहो, तुमच्या माश्या तिकडे जाणं अवघड आहे. यांच्या मात्र इकडे येत असणार. त्या तुम्ही अडवल्यात."

"यांच्या?"

"या तर गेल्या वर्षीपासून कार्ड लावतात."

सुगंधाबाई जेठाणीकडे वळल्या. "माले सांगं नही?"

"तू इचारं नही," फुलवंताबाई म्हणाल्या, आणि साडीची गाठ सोडायला वाकल्या. धुडकूबाबांनी तिथेच भाकरी मागितली.

सगळ्या साड्या उतरल्यावर मॅडम सुगंधाबाईंच्या कपाशीत शिरल्या. एका पानाखाली भिंग धरून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. बोंडअळीची अंडी काळी पडली होती. म्हणजे माशीने काम केलं होतं.

सुगंधाबाईंनी बराच वेळ भिंगातून बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, हे माझ्या माश्यांनी केलं, की त्यांच्या?"

"ते कोणालाच सांगता येणार नाही."

फुलवंताबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तुन्ह्याच माश्या शेतस, बहीन. तुन्ह्याच समज."

आता यावर भांडायचं तरी कसं, ते सुगंधाबाईंना अजून सुचलेलं नाही.