मजा, भीती की खाज?

अफझलगंजच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणीतरी अनोळखी माणूस चहा पिता पिता पाय हलवत होता. आमचे सोनकांबळेकाका उठून थेट त्याच्यासमोर बसले आणि अगदी मायेनं विचारलं, "मजा, भीती की खाज?" बिचारा उस्मानिया बिस्किटं तशीच टाकून पळाला.

काका अंबरपेठेत आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे नांदेडकडचे. तीस वर्षं एका दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांच्या दाराशी बसून केसपेपर लिहिले, त्यातून माणूस एकच हालचाल पुन्हा पुन्हा का करतो याचं हे शास्त्र निघालं. आमचे हे बाहेर पडताना चारदा गॅस बघतात, ती भीती. वॉचमन डोळे मिचकावतो, ती खाज. शिंकेसारखी, अडवली की जास्त जोरात येते. "दिसायला सगळं सारखंच हो ताई, आतून निराळं," हे सांगताना स्वारी अशी रंगते की लिफ्ट दोनदा वरखाली होऊन येते. मला तर वैताग यायचा.

माझी मुक्ता सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे. खूश झाली की दोन्ही हात फडफडवते. स्नेहसंमेलन आठवड्यावर आलं आणि जामबागच्या तिच्या शाळेतून निरोप आला, हात आवरले तरच नाचात घेऊ. मी घरी तिच्यावर ओरडले, तिचे हात घट्ट धरून ठेवले. नाचासाठी ती वेडी झाली होती हो! काकांना कळलं मात्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी ऑटोत जाऊन बसले.

शाळेत बाईंपुढे तेलुगूतून असे काही सुटले, की विचारू नका. ही भीती नाही, खाज नाही, निव्वळ मजा आहे, आणि मजा कशाला आवरायची? बाई वाईट नव्हत्या. लोक हसतील, पोरीलाच त्रास होईल, एवढंच त्या म्हणाल्या.

काकांचं तेलुगू तिथंच संपलं. मग मराठीतच बोलले. "माझी धाकटी बहीण अशीच होती. पाहुणे आले की मी खिशातल्या दस्तीनं तिचे हात बांधायचो. हात थांबले. मग हसणंही थांबलं."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मला ते तेलुगूत सांगावं लागलं.

मुक्ता नाचली! सगळ्या मुली डावीकडे वळल्या, आमची उजवीकडे, हात नुसते फडफडतायत. काका टाळ्या वाजवायचे विसरले आणि बसल्या जागी दोन्ही हात वर करून फडफडवू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायका वळून वळून बघायला लागल्या. बघेनात का! मीही हात वर केले.