फुटाणे पार्टीतली सतरा सेकंदं

मनोहरभाऊ उमाटे प्रश्न विचारतात आणि मग उत्तराची वाट पाहतात.

एवढ्या भांडवलावर कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं का, अशी शंका वाचकांना येईल. मलाही आली असती. पण मी घड्याळ लावून मोजलं आहे. आर्वीच्या भाजीबाजारात त्यांनी एका बाईंना विचारलं, "वांगे कसे?" बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. मनोहरभाऊ पिशवी धरून उभे राहिले. दुसऱ्यांदा विचारलं नाही, खाकरले नाहीत, वांगं उचलून दाबून पाहिलं नाही. सतरा सेकंदांनी बाईंनी वर पाहून भाव सांगितला. तोवर मी माझ्याकडूनच भाव सांगून टाकला होता आणि तो चुकीचा होता.

याला माझा धंदा कारणीभूत आहे. नागपूरच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं उपसंपादक होतो. आमच्याकडे प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर टाइप झालेलं असतं. समोरच्याने फक्त मान डोलवायची असते. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरच्या घरात, आर्वीला, राहायला आलो. तालुक्याचा इतिहास लिहिणार होतो. दोन वर्षांत दीड पान झालं, आणि त्यातलं अर्धं पान मीच कापलं.

अशा अवस्थेत मनोहरभाऊंनी मला एस.टी. डेपोजवळच्या चहाच्या टपरीवर गाठलं. ते डेपोतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात त्यांची उमर गेली, त्यामुळे साधा चहा मागितला तरी चार लोक पिशव्या उचलतात.

"पेपरात होते म्हणे तुम्ही?"

मी माझ्या कारकिर्दीचा गोषवारा सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकला. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

"मंग लिहिता येत असन."

आणि थांबले. मी बशीकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. ते थांबलेलेच. त्या शांततेत माणूस काहीही कबूल करतो. "येतं," मी म्हणालो, आणि फुटाणे पार्टीत सामील झालो.

फुटाणे पार्टी हा लहान मुलांसाठी गाणी करणारा बँड आहे. वय वर्षं एक ते पाच. दर रविवारी सकाळी दहा वाजता गावच्या केबलवर आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो. बँडमध्ये तीन माणसं. गाणं आणि पेटी मनोहरभाऊंकडे. क्लॅरोनेट हमीदभाईंचं, ते लग्नसराईत वरातीपुढे वाजवतात आणि एरवी आमच्यात. आमच्या तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या वर जाते. हे मी एकदा श्रेयनामावलीत टाकावं असं सुचवलं होतं.

तिसरा मी. गीतकार म्हणून घेतलेला. माझं पहिलं गाणं गाईवर होतं. त्यात गाय चतुष्पाद असल्याचा, रवंथ करत असल्याचा आणि तिच्या जठराला चार कप्पे असल्याचा उल्लेख होता. सगळी माहिती दोन ठिकाणी तपासलेली. मनोहरभाऊंनी कागद वाचला, त्याची घडी केली आणि विचारलं, "हे पोट्ट्यायसाठी आहे का तहसीलदारासाठी?"

आणि अर्थात, उत्तराची वाट पाहिली.

गाण्यातून चारही कप्पे गेले. 'गाय आली, गाय आली, आंगणात गाय आली' एवढंच उरलं, आणि ते माझं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मला कावळा केलं. पोशाख जुन्या छत्र्यांच्या कापडाचा. शिवताना एका छत्रीचं बटण पंखात राहून गेलं आहे, ते चुकून दाबलं तरी काही उघडत नाही, याची मी खात्री केली. मुख्य बातमीचं शीर्षक ठरवणारा माणूस आता 'काव' म्हणतो आणि उडी मारतो. उडी पुरेशी उंच नाही, असं हमीदभाईंचं मत आहे. ते बरोबर आहे.

चित्रीकरण एका गादी कारखान्याच्या मागच्या खोलीत होतं. भिंतींना उभ्या गाद्या लावल्या की बाहेरचा आवाज येत नाही. फक्त मालकाला पिंजणाचं यंत्र बंद करायला सांगावं लागतं, आणि हवेत उडणारा कापूस खाली बसेपर्यंत कावळ्याला शिंका येतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. प्रत्येक गाण्यात मनोहरभाऊ पेटी थांबवून कॅमेऱ्याकडे पाहतात आणि विचारतात, "सांगा बरं, चिमणी काय म्हणते?" मग गप्प. पापणी न लववता, हसऱ्या चेहऱ्याने, सतरा सेकंद. एका भागात असे अकरा प्रश्न. तेवढा वेळ आम्ही दोघांनी हलायचं नाही.

"इतक्यात माही वरात चौकातून पुढं जाते भाऊ," हमीदभाई म्हणायचे.

"जाऊ द्या. पोट्टं उत्तर देऊन राह्यलं."

"कोन्तं पोट्टं?"

"जे पाहून राह्यलं ते."

अडचण केबलवाल्या पंकजची होती. टीव्हीवर माणूस सतरा सेकंद हलला नाही की लोकांना वाटायचं, केबल अडकली. रविवारी दहा ते साडेदहा त्याचा फोन वाजत राहायचा. एका गृहस्थाने चालू कार्यक्रमात गच्चीवर जाऊन वायर ओढली. पूर्ण गल्लीची केबल गेली. पंकजने मला दुकानात बोलावून घेतलं.

"काका, तीन सेकंद ठेवा. चार ठेवा. नाई तर या महिन्यानंतर तुमचा प्रोग्राम बंद. मले बी लोकायले तोंड द्या लागते."

मी निरोप पोचवला. मनोहरभाऊ पेटीवरचा कापूस झटकत होते. पूर्ण पेटी झटकून झाली. मग म्हणाले, "प्रोग्राम बंद नाई झाला पायजे."

"मग वेळ कमी करू."

"वेळ बी कमी नाई झाला पायजे."

त्यांचा आवाज, जो डेपोच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसाला उठवायचा, तो मला पुढे वाकून ऐकावा लागला. तेव्हा मी कारण विचारायला हवं होतं. पण मला कारण माहीत होतं, निदान तसं मी ठरवून टाकलं होतं: म्हातारपणचा हट्ट.

परत येताना हमीदभाई म्हणाले, "डेपोत होता तवा असा नव्हता हा मानूस. सवारीनं 'तळे' म्हनलं का हा म्हने, तळेगाव, दोन नंबर, पाच मिनिट, चला पुढं. कोनाचं बोलनं पुरं होऊ देत नव्हता. आता पाहा."

मी पाहिलं नाही. मी उपाय शोधत होतो, आणि मला एकच उपाय येतो. कापणे.

कार्यक्रमाची जोडणी घरच्या संगणकावर मीच करत असे. त्या आठवड्यात अकराही जागा सतरावरून तीन सेकंदांवर आणल्या. काम सफाईदार झालं. मी कापलेली ओळ वाचकाला कधी जाणवली नाही, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलेला आहे. मनोहरभाऊंना काही सांगितलं नाही. पेन ड्राइव्ह पंकजला दिला. तो खूश झाला.

रविवारी पावणेदहाला मी मनोहरभाऊंच्या घरी गेलो. त्यांना फरक कळत नाही, हे मला समोर बसून पाहायचं होतं.

दोन वर्षं एका बँडमध्ये काढून त्यांच्या घरी जाण्याची ती पहिली वेळ. सुलभावहिनींना लकवा झाला होता, हे मला ठाऊक होतं. मी अधूनमधून विचारतही असे, "वहिनी बऱ्या आहेत ना?" मनोहरभाऊ मान डोलवायचे. प्रश्नच असा की दुसरं काही करता येऊ नये.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. इस्त्रीचं लुगडं, केस नीट विंचरलेले, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरलेला. लकव्याने त्यांचं बोलणं गेलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. मनोहरभाऊंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः स्टुलावर बसले. टीव्हीकडे पाठ करून, वहिनींकडे तोंड करून.

दहा वाजता क्लॅरोनेट वाजलं. वहिनी ताठ झाल्या. गाणं सुरू होताच त्यांचे ओठ हलू लागले. पडद्यावरच्या मनोहरभाऊंनी पेटी थांबवली आणि विचारलं, "सांगा बरं, चिमणी काय म्हणते?"

वहिनींनी श्वास घेतला. ओठ पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. "च—"

एक कावळा उडी मारून पडद्यावर आला. पुढचं कडवं सुरू झालं.

वहिनी थांबल्या. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी घाई केली, आणि घाईत काहीच आलं नाही. कावळा आला. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी नुसतं ओठ मिटून पाहिलं. पाचव्यापासून त्या खिडकीकडे पाहू लागल्या. एकूण अकरा जागा होत्या. मी अकराही वेळा पडद्यावर आलो.

मनोहरभाऊंनी टीव्ही बंद केला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अंगणवाडीत होती ती," ते म्हणाले. "हे गाणे तिचेच आहेत. लकव्यानं बोलणं गेलं, पण डॉक्टर म्हणे गाणं राह्यते कधीकधी मधात. गाण्यातून एकेक शब्द येते म्हणे. मंग पेटी काढली."

"पण मग घरीच का नाही विचारत तुम्ही? टीव्हीवरून कशाला?"

याही प्रश्नात मी उत्तर घालून ठेवलं होतं; ते यावेळी उपयोगी पडलं नाही. त्यांनी वहिनींची चप्पल पायाखाली सरकवली.

"मी विचारलं तर तोंड उघडत नाई ती. तीस वरसं तिचं वाक्य म्याच पुरं केलं न. माह्यावर तिचा भरोसा नाई. टीव्हीतल्यावर आहे. तो थांबते."

मी तिथून उठून सरळ पंकजच्या दुकानात गेलो. त्याला सगळं सांगितलं. पत्रकारितेत इतकी वर्षं काढूनही बातमीची सुरुवात मला जमली नाही. आधी कापूस, मग छत्र्या, मग वहिनी, असं उलटसुलट बोललो. पंकजने काउंटरवरची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"जुनी कॉपी आहे का?"

"आहे."

"आणून देजा. अजून एकदा लावतो. आन् काका, फोटो थांबलेला दिसला का लोकं फोन करते. खाली काही हलतं राह्यलं तर नाई करत. मी जाहिरातीची पट्टी सोडतो खालून. सतरा काय, वीस सेकंद थांबा."

त्या रविवारपासून चिमणी काय म्हणते हा प्रश्न पडद्यावर थांबलेला असतो आणि खालून बाजारातल्या एका कापडदुकानाच्या साड्या सरकत जातात, चित्रांसह. अभिरुचीच्या दृष्टीने हे बरं नाही. मी हरकत घेतली नाही. पट्टीत 'वाजवी' हा शब्द चुकीचा छापला आहे, तेही कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी संध्याकाळी हमीदभाईंनी निरोप आणला, मनोहरभाऊंनी घरी बोलावलंय. मी गेलो. ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. शेजारी पिशवी.

"काल काय झालं सांगू?" ते म्हणाले. "गाय काय म्हणते, विचारलं टीव्हीत मी. ती पाहून राह्यली, पाहून राह्यली, आन् म्हणे, साडी."

"साडी?"

"साडी. तिच्या मनानं. गाण्यातला शब्द नाई तो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "घ्यायले चाला. मले त्यातलं समजत नाई."

मलाही समजत नव्हतं. मी तरीही उठलो.

"बसा. रंग विचारला आहे तिले."

"केव्हा?"

"तुम्ही यायच्या आंधी. टीव्ही बंद करून. म्याच विचारला."

मी बसलो. दार उघडं होतं. आत वहिनी खुर्चीत होत्या, पाठमोऱ्या. रस्त्यावरून आंजीकडे जाणारी एस.टी. गेली. मनोहरभाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"हि—"

पुढचं मला कळलं होतं. मनोहरभाऊंनाही कळलं असणार. त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी ते मिटले. त्यांनी दोन्ही हात पिशवीवर ठेवले. मी माझे कुठे ठेवावे हे मला समजेना.

कापडदुकान साडेआठला बंद होतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.