केलेहर साहेबांची दोन बोटं

कुणाही माणसाचं नाव सांगा, दोन तासांत त्याचा पुतळा उभा करून देतो! कागदावर हो. ही बढाई नाही. म्हणजे, तेव्हा तरी मला ती बढाई वाटत नव्हती. मद्रासला येऊन मला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मी इथल्या मराठी मंडळासाठी तीन मानपत्रं लिहिली होती. तिसरं ऐकून तर खुद्द सत्कारमूर्तींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "टिल्लू, हे सगळं मी केलं?"

म्हणूनच १९५९ साली आमचे केलेहर साहेब निवृत्त व्हायला निघाले, तेव्हा हेडक्लार्क गुरुमूर्ती सरळ माझ्या टेबलाशी आले.

आमचं ऑफिस नुंगंबाक्कमला. सरकारी स्टेशनरीचा डेपो. साऱ्या कचेऱ्यांना टाचण्या, टीपकागद, डिंक आणि लाल फीत पुरवायची, हे आमचं देशकार्य. केलेहर साहेब अँग्लो-इंडियन, मूळचं घराणं आयर्लंडचं. पाच फूट दोन इंच उंची आणि टाकासारखी अंगकाठी. सकाळी दहाला टोपी खुंटीवर लावून 'गुड मॉर्निंग' म्हणायचे, पाचला टोपी काढून 'गुड ईव्हनिंग' म्हणायचे. मधल्या सात तासांत फक्त सह्या! आमच्या विमलाला मात्र हे आडनाव कधी पटलं नाही. "केलेहर काय? केळकर असतील. तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल," असं ती चार वर्षं म्हणत होती.

"मिस्टर टिल्लू," गुरुमूर्ती म्हणाले (ऑफिसात इंग्रजी आणि तमिळ चाले, मी आपलं मराठीत सांगतो), "शुक्रवारी चार वाजता समारंभ. मानपत्र तुम्ही लिहायचं. पण साहेबांना पत्ता लागता कामा नये. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय!"

"देऊ की! त्यांची माहिती?"

"ती तुम्ही काढायची."

मी छाती फुगवून हो म्हटलं. त्याला आणखी एक कारण होतं. माझी नोकरी चार वर्षांनंतरही टेम्पररीच होती. मला कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर पोचली होती, फक्त सही बाकी होती. नवा साहेब आला की ती फाईल पुन्हा तळापासून वर चढणार! तेव्हा मानपत्र असं हवं की साहेबांचा हात आपोआप दौतीकडे जावा.

पहिल्यांदा साहेबांचं सर्व्हिस बुक काढलं. त्यात एवढंच: 'संपूर्ण नाव: जॉन पॅट्रिक डेनिस केलेहर. ओळखीची खूण: डाव्या गालावर तीळ.' आता तिळावर मानपत्र किती लिहिणार?

मग राणोजीरावांना गाठलं. हे तंजावरकडचे मराठी, डेपोत अठ्ठावीस वर्षं काढलेले. त्यांचं मराठी बखरीतून नुकतंच उतरून आल्यासारखं, आणि त्याला तमिळची फोडणी: 'अय्या' म्हणजे साहेब, 'सरि' म्हणजे बरं.

"राणोजीराव, साहेबांविषयी काही सांगा ना."

"काय सांगणें अय्या! चहा साखरेविना घेताती. कोणासी वाईट शब्द नाही. इतकेंच ठाऊक."

"अठ्ठावीस वर्षांत इतकंच?"

"त्यांनीं तरी मजविषयीं काय पुसलें? सरि, चाललें बरें होतें!"

शेवटी शनिवारी दुपारी मी एग्मोरचं मोठं ग्रंथालय गाठलं. तिथे जगातल्या नामांकित लोकांचा एक चरित्रकोश होता. उशीसारखा जाड, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. 'के' काढलं, पान उलटलं, आणि ओरडलोच! केलेहर, जॉन!

वाचतो तर काय! क्रिमियाच्या लढाईत कॉलऱ्याची साथ थांबवणारे थोर डॉक्टर. मी थक्क झालो. टाचण्यांवर सह्या करणारा हा माणूस डॉक्टर? तेवढ्यात त्याच्या खालची ओळ दिसली. तिथे आडनावाच्या जागी नुसती एक लांब रेघ होती आणि पुढे 'पॅट्रिक'. हे वजनदार गटातले मुष्टियोद्धे, सतरा जणांना लोळवलेले. त्याखाली पुन्हा रेघ, 'डेनिस'. उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर गेलेले, हिमदंशाने उजव्या पायाची दोन बोटं गमावलेले, तरी चालतच राहिलेले!

जॉन, पॅट्रिक, डेनिस. सर्व्हिस बुकातली तिन्ही नावं, अगदी त्याच क्रमाने! मी मनाशी म्हटलं, वा रे कोशकार! एका माणसाच्या तीन नावांखाली तीन पराक्रम मांडलेत. रेघेचा अर्थ 'पुढे चालू'! चौथी रेघ होती 'नोरा'. युरोपभर गाजलेली गायिका. ही अर्थातच पत्नी!

तारखा? होत्या, पण कंसात, आणि मुंगीपेक्षाही बारीक. मानपत्रात तारखा कोण घालतो? क्रिमियाची लढाई अलीकडचीच कुठली तरी असेल असं वाटलं. लढाया काय, सारख्या चालूच असतात!

सोमवारी मजकूर गुरुमूर्तींना दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे... आपले साहेब?"

"छापील पुरावा आहे, सर!"

"एकतीस वर्षं हा माणूस गप्प बसला?" त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "काय हा विनय!"

दुपारपर्यंत डेपोभर बातमी पसरली. साहेबांना कळू द्यायचं नाही म्हणून कुणी तोंड उघडलं नाही, पण डोळ्यांचं काय करणार? जो तो साहेबांच्या बुटांकडे बघू लागला! एका कारकुनाने साहेबांच्या टेबलाखाली मुद्दाम टाचण्यांचा डबा सांडला आणि पाव तास तिथेच रांगत राहिला. शाईचा कंत्राटदार साहेबांशी नेहमी टेबल बडवून बोलायचा. त्याच्या कानावर सतरा जणांची हकिगत गेली मात्र, तो हात जोडून, दाराशी उभा राहून बोलू लागला!

साहेब बिचारे गोंधळले. बुटांना काही लागलंय असं वाटून त्यांनी ते दोनदा पॉलिश करून घेतले. तरी नजरा हटेनात. बुधवारी ते कोरे करकरीत बूट घालून आले. ते बूट असे चावले, की दुपारपर्यंत साहेब लंगडायला लागले.

"पाहिलेंत?" राणोजीरावांनी माझा दंड दाबला. डोळे पाण्याने भरलेले. "उजवाच पाय! दोन बोटांवीण मनुष्य अठ्ठावीस वर्षें मजपुढून चालला, आणि मज आंधळ्यास दिसलें नाहीं, अय्यो!"

आता माझी उरलीसुरली शंकाही फिटली. गुरुमूर्तींनी मानपत्र रेशमी कापडावर छापून चौकटीत बसवलं, शिवाय पाहुण्यांसाठी पन्नास प्रती. इंग्रजी वर्तमानपत्राच्या एका बातमीदारालाही बोलावणं गेलं. मी विमलाला सांगितलं, "शुक्रवारी नवी साडी नेस. तुझा नवरा कायम होतोय!"

शुक्रवारी चार वाजता डेपोच्या अंगणात शामियाना गच्च भरला. साहेबांबरोबर गाडीतून एक भारदस्त बाई उतरल्या. फुलाफुलांचा झगा, हातात पंखा, चालण्यात फौजदारी थाट. गुरुमूर्तींनी ओळख करून दिली, "या साहेबांच्या पत्नी, मिसेस डॉरथी केलेहर."

"नोरा केलेहर," मी हसत दुरुस्ती केली.

"डॉरथी," बाई म्हणाल्या. "जन्मापासून."

पत्नी नोरा नाही? मग ती रेघ? आणि एक रेघ चुकली असेल, तर बाकीच्या रेघा? डोळ्यांपुढे ते पान उभं राहिलं. त्याच पानावर पुढे 'केलर' होता, आणि त्याच्या खाली पाच-सहा रेघा! एकाच केलरने इतकी नावं ठेवून घेतली असणं शक्य होतं का? रेघ म्हणजे 'पुढे चालू' नव्हे हो! रेघ म्हणजे 'तेच आडनाव, माणूस दुसरा'!

पळावं म्हटलं, तर पहिल्या रांगेत नव्या साडीत विमला. गुरुमूर्ती चौकट माझ्या हातात देत होते. प्रती वाटून झाल्या होत्या. वाचायला सुरुवात केली.

कॉलऱ्याला टाळ्या पडल्या. सतरा जणांना तर शिट्ट्या! दोन बोटं आली तेव्हा अख्खा शामियाना पुढे वाकून साहेबांच्या उजव्या बुटाकडे बघू लागला, आणि राणोजीराव मोठ्याने रडले. साहेबांनी पाय हळूच खुर्चीखाली घेतला. आता नोरा! डॉरथीचं डोरा होतं, डोरा आणि नोरात फरक तो किती? मी घाईघाईने वाचलं, "आणि त्यांची जीवनसंगिनी, मधुर गळ्याची डोरा..."

"नोरा!" बातमीदार हातातली प्रत फडकावून ओरडला. "इथे नोरा छापलंय!"

पंखा थांबला. मिसेस केलेहर सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"जॅक," त्या म्हणाल्या, "ही नोरा कोण?"

शामियान्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि टाचण्यांचा आमच्याकडे तुटवडा नव्हता. मी डोळे मिटून घेतले. ती फाईल, ती सही, गावी मिरजेला परत जाणारी गाडी, सगळं एकदम दिसलं.

साहेब उठले. एकतीस वर्षांत आम्ही त्यांचं सलग एक वाक्य ऐकलं नव्हतं.

"डॉरथी, शपथेवर सांगतो, ह्या नोराबाईंना मी ओळखत नाही," ते म्हणाले. "मित्रहो, माझी दहाही बोटं शाबूत आहेत. दुखतात ती नव्या बुटांमुळे. बर्फ मी फक्त सरबतात पाहिलाय. मी कुणालाही कधी मारलेलं नाही. आणि क्रिमियाची लढाई शंभर वर्षांपूर्वी झाली. तेव्हा माझे आजोबा पाळण्यात होते."

एवढा हशा झाला की शामियान्याचे खांब हलले! हसले नाहीत फक्त गुरुमूर्ती. ते माझ्याकडे बघत होते.

साहेबांनी हात वर केला. "पण मला एक सांगायचंय. आजोबा शिपाई म्हणून इकडे आले. मी चार वर्षांचा असताना वडील गेले. माझे लोक कोण, कुठले, हे सांगणारं कुणी राहिलंच नाही. शाळेत मुलं आपापल्या काका-मामांच्या गोष्टी सांगायची, तेव्हा मी गप्प बसायचो. मग तीच सवय लागली. आज पंचावन्नाव्या वर्षी मला कळतंय की केलेहरांमध्ये एक डॉक्टर होता, एक पहिलवान होता, एक ध्रुवाकडे गेला होता. माझे ते कुणी लागत असतील-नसतील. पण आडनाव तर तेच! मिस्टर टिल्लू, तुम्ही मला एका दुपारी अख्खं खानदान मिळवून दिलंत. ही चौकट मी बैठकीत लावणार आहे."

"नोरावर कागद चिकटवून," मिसेस केलेहर म्हणाल्या.

"डिंक आपल्याकडे भरपूर आहे," साहेब म्हणाले. आम्ही ऐकलेला त्यांचा हा पहिला विनोद!

पाच वाजता त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, माझ्यासमोर फाईल उघडली आणि सही केली. त्याखाली चार ओळींचा शेराही लिहिला: 'कर्मचारी कष्टाळू. कल्पनाशक्ती असाधारण. कायम करावा. मात्र माणसांची नावं असलेला कोणताही कागद याच्याकडे देऊ नये.' त्यामुळे मी कायम झालो, पण टीपकागदाच्या गोदामात! गोदाम थंडगार, काम सोपं. खरं सांगायचं तर सुखातच आहे.

बाहेर विमला वाट बघत होती. "काय छान बोलले हो! तरी मला वाटतं, ते केळकरच. तिकडे गेल्यावर बिघडलं असेल आडनाव." त्या दिवशी मला वाद घालायची ताकद नव्हती. आडनावांच्या बाबतीत मी कुठल्या तोंडाने बोलणार?

पंधरा दिवसांनी साहेबांनी मला पेरांबूरच्या घरी चहाला बोलावलं. चौकट खरोखरच बैठकीत होती, आणि नोरावर टीपकागदाची पट्टी. आता साहेब नुसते बोलतच होते! रोज सकाळी ते एग्मोरच्या ग्रंथालयात जात. आणखी दोन केलेहर सापडले होते, एक न्यायाधीश आणि एक घोड्यांचा डॉक्टर.

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवला.

"टिल्लू, उपकार फेडावे म्हणून मी तुमचंही आडनाव शोधलं. टिलमन आहेत, तीन. मग एकदम टिली, दोन. मध्ये टिल्लू हवा होता. तो नाही." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "मी भिंगाने पाहिलं."

मी घरी आलो. मी चप्पल काढायच्या आत विमलाने विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"काही नाही," मी म्हटलं. "आपल्या घराण्याविषयी चौकशी करत होते."