कॅरमची पावडर आणि मोरिता आजींची गादी

रविवार, सकाळचे अकरा. जपानातल्या निशी-कसाई भागातली एक सहा मजली इमारत, चौथ्या मजल्याची मागची गॅलरी. महिना जानेवारी. चंद्रहास देवस्थळी यांनी कॅरमबोर्ड कठड्याबाहेर तिरपा धरला, त्याच्या पाठीवर दोन सणसणीत थापा मारल्या आणि पावडर झटकली.

खाली बघितलं नाही. (खाली बघायची त्यांना सवय नव्हती. ते कंपनीत मॅनेजर आहेत.)

हिवाळा घरात कसा काढायचा, हा प्रश्न या कुटुंबापुढे डिसेंबरपासून होता. जिगसॉ आणला, त्यात निम्मं नुसतं आकाशच निघालं. पत्त्यांत चंद्रहासराव हरले की पुन्हा पिसायला लावत. मग पुण्याहून कॅरम मागवला आणि त्यांची बायको वृंदा त्यांना रोज हरवू लागली. ‘बोर्ड जड चालतोय’ म्हणत ते प्रत्येक डावाला मूठभर पावडर टाकत. बोर्डावर फुजी डोंगर उभा राहिला, तेव्हा कुठे झटकायचा निर्णय झाला.

दुपारी खेळायला बसले तर स्ट्रायकर सापडेना.

“लपवलास ना? मी जिंकायला लागलो होतो म्हणून.”

“तू शून्यावर होतास,” वृंदा म्हणाली. “शून्यावरच्या माणसाचा स्ट्रायकर चोरून मी काय करू?”

सोमवारी लिफ्टमध्ये नोटीस लागली. बारा वर्षांच्या जुईनं ती बाबांना वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरिता आजींनी उन्हात टाकलेल्या गादीवर वरून कुणीतरी पांढरी भुकटी सांडली होती. शनिवारी रहिवाशांची बैठक.

“बाबा, मला वाटतं ते आपल्या...”

“हो, आपल्यावरच आणणार. दर वेळी बोट भारतीयांकडेच.”

नोटिशीत भारतीयांचा उल्लेखही नव्हता. चंद्रहासरावांना नेमकं तेच संशयास्पद वाटलं.

“मी बोलणार. तू जपानीत सांगायचं.”

“पण बाबा, ऐक तरी...”

“मधे मधे बोलायचं नाही.”

शनिवारी तळमजल्याच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. चंद्रहासराव उभे राहिले आणि टेबलावर मूठ आपटली. “आमच्याकडे शेजाऱ्याच्या वाळवणावर आम्ही कावळासुद्धा बसू देत नाही. ज्यानं हे केलं त्यानं सगळ्यांसमोर मान खाली घालावी. आजींची माफी मागावी. आणि ती गादी स्वतःच्या हातानं धुऊन द्यावी.” असं बराच वेळ चाललं.

मग जुई उठली. खालच्या आवाजात तीन वाक्यं बोलली आणि कमरेत वाकली. (जपानी भाषा फारच आटोपशीर आहे, असं त्यांना वाटलं.)

सगळा हॉल उठून वाकला. मोरिता आजींनी डोळे टिपले. एवढी माणसं वाकलेली पाहून चंद्रहासरावही वाकले, सगळ्यांपेक्षा खोल.

“पाहिलंस?” घरी आल्यावर ते वृंदाला म्हणाले. “ठणकावून बोललं की माणसं वाकतात.”

जुई कधी नव्हे ते लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मोरिता आजी. मागे ट्रॉलीवर गुंडाळलेली गादी. त्यांनी दोन्ही हातांनी एक पुडी पुढे केली. आत स्ट्रायकर होता.

आजी काहीतरी बोलल्या. जुई चपलांकडे बघत होती.

“काय म्हणतायत?”

“म्हणतायत, हा गादीवर पडला होता. आणि चारचौघांत चूक कबूल करायला मोठं मन लागतं. तू गादी धुणार म्हणालास, म्हणून घेऊन आल्या.”

“मी? मी कधी म्हणालो?”

“तूच म्हणालास ना, ज्यानं केलं त्यानं माफी मागावी, गादी धुवावी. मी फक्त ‘ज्यानं’च्या जागी तुझं नाव घातलं.”

“तुला... माहीत होतं?”

“बाबा, तू झटकत होतास तेव्हा गॅलरीचं दार मीच धरलं होतं.”

वृंदानं स्ट्रायकर उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. “घे. चोरीचा माल.”

तो सबंध रविवार चंद्रहासरावांनी बाथटबमध्ये उभं राहून गादी तुडवण्यात घालवला. पाणी बर्फासारखं होतं, कान मात्र तापलेले होते. वेळ घालवायला दुसरा खेळ त्या दिवशी शोधावा लागला नाही.

हल्ली लिफ्टमध्ये लोक त्यांना आदरानं वाकून नमस्कार करतात. चंद्रहासराव आता खालीच बघतात.

मोरिता आजींनी जाता जाता जुईला एक प्रश्न विचारला होता: एवढीशी माफी मागायला तुझे बाबा एवढे ओरडत का होते?