विमानातला उंदीर

इंजिन पाच मिनिटं झकास चाललं आणि सहाव्या मिनिटाला खोकून बंद पडलं. नागनाथ मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ होती.

एसटीच्या आगारात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी देवगाव फाट्याजवळच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधलं होतं. त्यात सहा वर्षं गेली. आज तपासणीच्या शुभदा मॅडम यायच्या होत्या. इंजिन सलग पंधरा मिनिटं चाललं तर पहिल्या उड्डाणाची परवानगी मिळणार होती. नाही चाललं तर शेड शेजारच्या येडबाच्या शेळ्यांना द्यायचं, असं मिस्त्रीच घरात बोलून बसले होते. बोलले ते भरात, पण त्यांच्या पत्नीने, सरजाबाईंनी, तो शब्द पक्का धरला. येडबा तर शेळ्या घेऊन सकाळीच बांधावर येऊन बसला होता.

दोष पंपाचाच, यात मिस्त्रींना शंका नव्हती. टाकीतून पेट्रोल ओढणारा तो विजेवरचा पंप त्यांनी काढून नवा बसवला होता. मग झाकण उघडून पेट्रोल पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं झकास, सहाव्याला पेट्रोलच्या दाबाचा काटा खाली. मग फिल्टर बदलला, झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, पुन्हा तेच. आता त्यांनी वायरी बदलल्या आणि पंपावर ओलं फडकं गुंडाळलं.

"तापायलाय त्यो," ते म्हणाले.

"तापू द्या," दारात तूर निवडत बसलेल्या सरजाबाई म्हणाल्या. "माझ्या जांभळ्या लुगड्याचा पदर कुणी फाडला, ते आदी सांगा."

"उंदरानं कुरतडला आसंल."

"इतका सरळ? कात्रीनं कापल्यावानी?"

"आता मी काय उंदराला इचारू?"

तेवढ्यात बांधावरून येडबा ओरडला, "मिस्त्री, ऊन लय व्हायलंय. शेळ्या आत घेऊ का?"

"थांब जरा, बाबा."

मिस्त्रींनी पेट्रोल पाहायला पुन्हा झाकण फिरवलं. सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"ओ, झाकण उघडलं की दर बारीला फुस्स करतंय, ते कशामुळं?"

"टाकी हवा घेती. तुला न्हाई कळायचं त्यातलं."

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गटगट करून अडकतंय. दुसरं पाडलं की सरळ धार लागती. हिला दुसरं भोक हाय का न्हाई?"

मिस्त्री झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. दुसरं भोक होतं. हवेची नळी होती, पोटाखाली वळवलेली, त्यांनी स्वतःच बसवलेली. आणि आगारातली तीस वर्षांची शिस्त अशी, की काम संपवून घरी जाताना उघड्या नळीच्या तोंडात बोळा कोंबायचा. परवा संध्याकाळी धूळ उडत होती, हाताशी चिंधी नव्हती आणि दोरीवर लुगडं वाळत होतं.

ते मुकाट्याने विमानाखाली सरपटले, नळीतून काहीतरी उपसलं आणि घाईघाईने खिशात कोंबलं. बाहेर येतात तोच मॅडमची जीप दारात.

इंजिन सुरू झालं. पाचवं मिनिट गेलं. सहावं आलं, तेव्हा मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. सातवं गेलं. दहाव्याला पंख्याच्या वाऱ्याने बिथरलेल्या शेळ्या फाट्याच्या दिशेने पळाल्या आणि त्यांच्यामागे येडबाही. पंधरावं मिनिट भरलं तसं मिस्त्रींच्या छातीवरचं सहा वर्षांचं ओझं उतरलं. सरजाबाईंनाही हायसं वाटलं. शेड गेलं असतं तर हा माणूस दिवसभर घरात बसला असता. मिस्त्रींच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी खिशात हात घातला, हाताला लागलं ते फडकं काढलं आणि डोळे पुसले.

फडकं जांभळं होतं. सरजाबाईंनी ते पाहिलं. सरजाबाईंनी पाहिलेलं मिस्त्रींनीही पाहिलं.

"बांधावर ऐकलं, सकाळपासून बंद पडत होतं म्हणे," मॅडमनी वही उघडली. "बिघाड काय निघाला?"

मिस्त्रींनी फडकं मुठीत दडवलं.

"उंदीर निघाला, मॅडम," सरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "दोन दिसापास्नं हुडकायलो आमी."

"अरे बापरे. केवढा होता?"

"चौसष्ट वर्षांचा."