वानखडेकाकांची आधी पडणारी थाप

आमच्या नांदुऱ्यात वानखडेकाकांना चहाच्या हॉटेलात न्यायचं म्हणजे जोखमीचं काम. बसल्याबसल्या ते मांडीवर थाप मारतात, करंगळीपासून तीन बोटं मोजतात, पुन्हा थाप मारून तळहात उलटा करतात. एकदा हॉटेलवाल्या रशीदभाईंनी ती बोटं पाहून तीन चहा आणून ठेवले.

"अरे, ताल हाय हा! कर्नाटकी गानं गळ्यात नसते बे, मांडीत असते," काका म्हणाले आणि तिन्ही चहा मला पाजले.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं आंध्रात गेली. तिथून हे गाणं आणलं आणि गाणं शिकवणाऱ्या पद्माकाकूंनाही. मागच्या वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तेव्हापासून त्या खाटेवर पडून खिडकीकडे बघत असतात.

रोज सकाळी मी त्यांच्या घरी डोकावतो, तेव्हा काका खाटेशेजारी बसून एक तेलुगू ओळ गात असतात. एकच. दर वेळी थोडी वळवून, थोडी वाढवून. त्या गाण्याची तशी रीतच आहे म्हणे. शब्द मला कळत नाहीत; आमची ही तर अजून ती भाषा कानडीच समजते. पण मी भजनी मंडळात टाळ वाजवतो, आणि हॉटेलात बघून बघून काकांचा ताल मला पाठ झालाय. घरी मात्र त्यांची थाप नेमकी एकाच जागी आधी पडायची. हॉटेलात बिनचूक, घरी चूक! हे गौडबंगाल मला काही उमगेना.

शेवटी एका सकाळी न राहवून मी म्हणालो, "काका, थाप आधी पडून राह्यली."

"तू चूप बस बे! तुले कोनं इचारलं?"

करायला गेलो एक अन् झालं एक. मी तोंड पाडून बसलो. काकांनी ओळ पुन्हा उचलली, पुन्हा तिथेच चुकले आणि काकूंकडे बघत थांबले. जरा जास्तच थांबले.

"लग्न झाल्यापासून माही एक चूक खपवून घेतली नाही हिनं," ते हळूच म्हणाले. "चुकलो का 'च्च' करे अन् मांडीवर चापट मारे. मले वाटते, कधीतरी राहवनार नाही तिले."

मघाशी आपण मध्ये तोंड घातलं, याची मला लाज वाटली.

काकांनी ओळ पुन्हा घेतली. थाप आधीच पडली.

खाटेवरून बारीकसा आवाज आला, "च्च."

"आयकलं का बे? चुकलो म्हने मी!" काकांनी मला गदागदा हलवलं. मग डोळे पुसत ते ओळ नीट गायला बसले, आणि या वेळी खरोखरच चुकले.

काकूंनी पुन्हा "च्च" केलं.